फ्रेंचच्या बाई स्कॉटलंडच्या होत्या

मला राग पटकन येतो आणि पटकन जातो. नवरा म्हणतो, तुझा राग म्हणजे दुधाचं उतू जाणं, गॅस बंद केला की खाली. पण एक राग असा आहे की इतकी वर्षं झाली तरी खाली बसलेला नाही. तो २००३ सालचा आहे. त्या वर्षी आमच्या गावातल्या लोकांनी फ्रान्सवर बहिष्कार टाकला आणि तो जाऊन पडला एका स्कॉटिश बाईच्या डोक्यावर. टाकणारे कोण, तर आपलेच लोक. म्हणून हे लिहिते आहे.

गाव म्हणजे न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर. स्टेशनपासून जवळ भाड्याच्या अपार्टमेंट्सची एक वसाहत होती, तिथे आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. नवरा सकाळी ट्रेननं न्यूयॉर्कला जायचा. मी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये गोळ्या किती वेळात विरघळतात ते तपासत बसायचे. मुलगी सातवीत होती. आम्ही नागपूरचे, बौद्ध. वसाहतीतले बाकीचे मराठी लोक बहुतेक पुण्या-मुंबईचे. गोड बोलायचे, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पोटलकला बोलवायचे, आणि पहिल्या भेटीत आडनाव विचारून झालं की जरा थांबून 'अच्छा' म्हणायचे. त्या 'अच्छा'ची मला सवय होती. त्यावर चिडणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

मुलीच्या शाळेत सहावीपासून एक परकी भाषा घ्यावी लागायची, स्पॅनिश नाहीतर फ्रेंच. अमेरिकन पोरं बहुतेक स्पॅनिश घ्यायची, कारण ती इथे रस्त्यावर कामाला येते. आपली पोरं मात्र झाडून सगळी फ्रेंचला. का? तर आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच 'स्कोअरिंग' असते. मराठीत मार्क कापतात, फ्रेंचमध्ये भरभरून देतात, हे ज्ञान आईबापांनी विमानातून सोबत आणलेलं. इथे मार्कांची ती भानगडच नाही हे कुणाच्या ध्यानात नाही. एकानं घेतली म्हणून दुसऱ्यानं घेतली, दुसऱ्यानं घेतली म्हणून आम्हीही घेतली. फ्रेंचचा वर्ग भरायचा तो आपल्या पोरांनी, आणि त्यातही अर्धी मराठी. म्हणजे तो वर्ग चालायचा की बंद पडायचा हे आमच्या हातात होतं. तेव्हा हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

वर्ग शिकवायच्या त्या बाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. ग्लासगोजवळच्या कुठल्याशा गावच्या. पन्नाशी उलटलेली, उंच, केस कापूस झालेले, चालणं मात्र पोरीसारखं भराभर. तरुणपणी फ्रान्समध्ये शिकल्या होत्या, तेवढाच त्यांचा फ्रान्सशी संबंध. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर तिकडचं घर विकून इकडे आल्या. शाळेनं त्यांना बोलावलं होतं, व्हिसा शाळेचा, ग्रीन कार्डाची फाइलही शाळेनंच लावलेली. पोरं त्यांना मादाम म्हणायची. आम्ही आपसात 'फ्रेंचच्या बाई' म्हणायचो. स्कॉटलंडच्या आहेत हे लक्षात ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

आमच्या समोरच्या दारात पुण्याचं एक जोडपं राहायचं, त्यांचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात. २००२ साली त्या शेजाऱ्याची नोकरी गेली. तेव्हा सगळीकडे तेच चाललं होतं, सकाळी कामावर गेलेला माणूस दुपारी खोकं घेऊन परत यायचा. एच-वन व्हिसावर नोकरी गेली म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणाला समजवावं लागत नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बॅग भरा. मुलाची शाळा, गाडीचा हप्ता, सगळं तसंच ठेवून निघा. शेजारी हुशार होता, पण फोनवरच्या इंटरव्ह्यूला घाबरायचा. धाडधाड बोलायचा आणि समोरच्याला कळायचंच नाही. फ्रेंचच्या बाईंच्या हे कानावर गेलं. त्या आपणहून वर आल्या आणि रोज संध्याकाळी त्याच्या हॉलमध्ये बसून त्याच्याकडून बोलून घेऊ लागल्या. सावकाश बोल, वाक्य संपव, श्वास घे. एक पैसा घेतला नाही. वेलदोड्याचा चहा तेवढा आवडायचा त्यांना. त्या सरावावर त्याला नोकरी लागली, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

त्याच दिवसांत त्याची बायको मला खाली इमारतीच्या लाँड्रीत, धुण्याच्या मशीनपाशी भेटली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "अगं, बाईंचाही एच-वनच आहे. काल यालाच म्हणाल्या त्या, माझाही हाच व्हिसा आहे, नोकरी गेली तर मलाही जावं लागेल, म्हणून तुझं दुःख मला कळतं. गोऱ्या माणसाला व्हिसा लागतो हेच मला माहीत नव्हतं." दोघी हसलो आम्ही. मलाही ते माहीत नव्हतं.

२००३च्या फेब्रुवारीत माझी आई सहा महिन्यांसाठी आली. आई निवृत्त नर्स. इंग्रजी मोडकंतोडकं, पण हॉस्पिटलचं इंग्रजी पक्कं. लाँड्रीत बाईंशी तिची गाठ पडली. बाईंचं इंग्रजी आम्हा सगळ्यांना दोनदा ऐकावं लागायचं, शब्द घशात गुंडाळून बाहेर पडायचे. आईला पहिल्या दिवसापासून सगळं कळलं. घरी येऊन म्हणाली, "ही बाई तर थेट आमच्या मेट्रनसारखी बोलते." आईचं नर्सिंग विदर्भातल्या एका मिशन हॉस्पिटलात झालं, आणि तिथली मेट्रन स्कॉटलंडची होती. मग काय, रोज कपडे धुवायला निघाल्यासारखी ती खाली जायची. असतील-नसतील ते टॉवेल धुवून निघाले आमचे.

मार्चमध्ये इराकचं युद्ध सुरू झालं. फ्रान्स म्हणाला, आम्ही येत नाही. झालं. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये फ्रेंच फ्राइजच्या पाटीवर कुणीतरी कागद चिकटवून 'फ्रीडम फ्राइज' केलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं फ्रेंच वाइन मोरीत ओतली आणि ते कौतुकानं आम्हाला सांगितलं. मी म्हटलं, पैसे तर दुकानदाराला आधीच गेले, आता ओतून काय. तो माझ्याकडे असा पाहायला लागला की मी गप्प बसले. दोन हजार एकमध्ये न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून आपण सावळे लोक तसेही दबून वावरत होतो. गाडीवर झेंड्याचा स्टिकर, दाराला झेंडा, समोरच्या शेजाऱ्यानं तर लेटरबॉक्सलासुद्धा लावला होता. त्यावर मी त्याला कधी बोलले नाही. भीती मलाही वाटत होती, भीतीवर माझा राग नाही.

एप्रिलमध्ये शाळेत 'इंटरनॅशनल नाइट' असायची. एकेका देशाचं टेबल, मागे माहितीचा तक्ता, पुढे खायचे पदार्थ. फ्रान्सचं टेबल दर वर्षी बाई आणि त्यांच्या वर्गातली पोरं लावायची. त्या वर्षी शाळेतून त्यांना गोड आवाजात सांगण्यात आलं की यंदा फ्रान्स नको, पालकांना आवडणार नाही. तुम्ही तर स्कॉटिश आहात ना? मग स्कॉटलंडचं टेबल लावा की. बाईंनी लावलं. लोणी घातलेली बिस्किटं केली आणि मागे मोठा तक्ता लावला, 'स्कॉटलंडनं जगाला काय दिलं'. टेलिफोन, टेलिव्हिजन, पेनिसिलिन, डांबरी रस्ता, हवेचे टायर, रेनकोट, क्लोरोफॉर्म. लोकांची ही गर्दी. समोरचा शेजारी तर बिस्किट तोंडात धरून तक्त्यापुढे उभा. "टेलिफोनसुद्धा तुमचाच? आणि टीव्हीपण? अमेझिंग." बाई हसून मान हलवत होत्या. ते हसू मला बघवत नव्हतं. दुकानात आपला माल दाखवणाऱ्या माणसासारखं होतं ते, घ्या हो, आम्ही वाईट नाही.

बाजूलाच भारताचं टेबल होतं, तिथेही तसाच तक्ता. शून्य आम्ही शोधलं, योग आम्ही दिला, बुद्धिबळ आमचं. आई तो सगळा वाचत गेली आणि तिनं मला हळूच विचारलं, "वाळीत टाकणं नाही लिहिलं यात? ते बी तर आपलंच आहे."

मला हसू फुटलं, पण ती हसत नव्हती. नंतर ती स्कॉटलंडच्या तक्त्याजवळ गेली, बोट फिरवत क्लोरोफॉर्मपाशी थांबली आणि बाईंना म्हणाली, हे मी हातात धरलंय, बाळंतिणीच्या नाकाशी. मग म्हणाली, यात नर्सिंग नाही. बाईंनी विचारलं, कुणाचं? आई इंग्रजीत अडखळायला लागली तेव्हा मी मध्ये पडून सांगितलं. आईचं काम नवीन होतं तेव्हा एका पेशंटनं तिच्या हातचं थर्मामीटर तोंडात घ्यायला नकार दिला, जात विचारून. मेट्रन आली, म्हणाली, ताप मोजायचा असेल तर हीच मोजेल, नाहीतर ताप घेऊन घरी जा. त्यानं मोजून घेतला. "चांगली होती म्हणून नाही सांगत," आई मला म्हणाली, "खडूस होती. रविवारी जबरदस्तीनं प्रार्थनेला बसवत होती, माझं नावही बदलून टाकलं होतं, तोंडात बसत नाही म्हणून. पण त्या दिवशी बाजूला नाही सरकली." बाईंनी ते ऐकलं आणि आईचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. तक्त्यात काही लिहिलं नाही, आईलाही ते नको होतं.

तेव्हापासून देशाचं 'योगदान' हा शब्दच माझ्या डोक्यात जातो. माणसाला शेजारी राहू द्यायचं, तर त्याच्या देशानं आधी पेनिसिलिन शोधून दाखवायचं? आणि ज्यांच्या देशानं काही शोधलं नाही त्यांनी काय करायचं, समुद्रात उडी मारायची? बरं, शोधून तरी काय उपयोग झाला. टेलिफोन, टीव्ही, टायर सगळं टेबलावर मांडलं होतं बाईंनी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत समोरच्या शेजाऱ्याकडे शनिवारचा पोटलक होता. पावभाजी होती. पुढच्या वर्षी पोरांची भाषा कुठली, ते शाळेला कळवायचे दिवस आले होते. शेजाऱ्यानं प्लेट हातात घेऊन विषय काढला.

"आम्ही काय ठरवलंय, की सगळ्यांनी स्पॅनिशला शिफ्ट करायचं. एकदमच. एकेकट्यानं केलं तर ऑड दिसतं."

"का पण?" मी विचारलं.

"अगं, आपल्याला फ्रान्सशी काय देणंघेणं. पण लोक काय बोलतात ऐकतेस ना ऑफिसात? आणि तो वर्ग बघ ना, सगळी आपलीच पोरं. उठून दिसतं यार."

"कुणाला दिसतं?"

"लोकांना."

"आणि वर्गात पोरं कमी पडली तर वर्ग बंद होतो, हे माहितीय का तुला? बाईंचं काय मग?"

"त्यांना देईल की शाळा दुसरं काहीतरी. सिस्टिम असते इथे. तू ना, फार इमोशनल होतेस."

"त्या फ्रेंच नाहीत रे. स्कॉटिश आहेत."

"भाषा तर फ्रेंच आहे ना," तो म्हणाला आणि पावाला लोणी लावायला लागला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. बरं, इथे चोर तरी कोण होता. माझा आवाज चढला. मी त्याला म्हटलं, ही बाई वर्षभरापूर्वी याच सोफ्यावर बसून तुला बोलायला शिकवत होती. त्याची बायको आत निघून गेली. बाकीचे पावभाजीत बघत होते. नवऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे गप्प बस. तेवढ्यात कोपऱ्यातून आईनं विचारलं, "काय झालं? कायचं चालू आहे हे?" मी तिला चार वाक्यांत सांगितलं.

आईनं प्लेट खाली ठेवली. लोकांत असली की ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची, त्या दिवशी नाही केला.

"म्हणजे गिरणी बंद केली म्हणा ना," ती म्हणाली. "आमच्या गावात आमच्या लोकांनी सांगतलं, आता मेलेलं जनावर ओढणार नाही. तर कोणी मारलं नाही आम्हाले. शिवी बी नाही देल्ली. गिरणीवाला म्हणे, पट्टा तुटला. दुकानदार म्हणे, मीठ संपलं. हसूनच बोलत होते सारे. अन् एकेकट्यानं नाही केलं त्याईनं, तुमच्यासारखंच, सगळ्यांनी एकदम केलं. मी लहान होती. डोक्यावर ज्वारी घेऊन दुसऱ्या गावी दळायला जात होती मायसंगं."

मग एक गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, "मावशी, तो काळ वेगळा होता. आणि ते जातीचं होतं. हे पोलिटिकल आहे. मिक्स नको करायला."

"मले तुमचं पोलिटिकल नाही समजत, भाऊ. पीठ नसलं का पोट दोन्हीकडे सारखंच दुखते, एवढं समजते."

आतून शेजारीण गाजरहलवा घेऊन आली आणि कुणीतरी हलवा किती छान झालाय असं म्हणालं. विषय संपला. आईला हलवा देताना शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं नाही. आम्ही उठून समोर आमच्या घरी आलो. दार बंद केल्यावर मी आईला विचारलं, तुला वाईट वाटलं का. ती म्हणाली, "वाईट काय वाटायचं, लेक शिकली, अमेरिकेत आली, अन् पाहते तं गावच सोबत आलं."

पुढचा आठवडाभर मी घरोघरी फोन केले. माझा स्वभाव बघता किती गोड बोलले असेन ते मलाच माहीत. एक म्हणाली, बघते गं, यांना विचारून सांगते. दुसरी म्हणाली, तुझं पटतं, पण सगळ्यांनी केलं तर मी एकटी कशी राहू. तिसऱ्यानं मला समजावलं की स्पॅनिशला जगात जास्त स्कोप आहे. मी म्हटलं, हा स्कोप तुम्हाला मार्चमध्ये युद्ध लागल्यावरच कसा दिसला? त्यावर तो म्हणाला, तुमचं घर मीटिंगमध्ये आहे वाटतं, मी नंतर बोलतो. काय बोलला ते त्यालाही कळलं नसेल, फोन ठेवायची घाई. शेवटपर्यंत एकाही घरानं आपलं मूल परत फ्रेंचमध्ये ठेवलं नाही.

आणि खरी संतापाची गोष्ट पुढे आहे. त्या वर्गात अमेरिकन पोरं मोजकीच होती, पण त्यातली एक-दोन सोडली तर सगळी राहिली. एका मुलीचा बाप तर सैन्यातून निवृत्त झालेला. तो मला शाळेच्या आवारात भेटला, म्हणाला, फ्रान्सचा मला भयंकर राग आहे, पण व्याकरणानं माझं काय बिघडवलंय. म्हणजे ज्यांच्या भीतीनं आपले लोक पळाले, ते जागचे हललेसुद्धा नाहीत. कुणी आम्हाला धमकी दिली नव्हती, कुणी बोट दाखवलं नव्हतं. फ्रेंचचा वर्ग अमेरिकेनं बंद पाडला नाही, वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींनी पाडला. माझी मुलगी घरी आली आणि दप्तर टाकून म्हणाली, "आई, मादाम इज नॉट कमिंग बॅक. आय हेट एव्हरीबडी." मी तिला रागावले नाही.

बाईंनी मला लाँड्रीत सांगितलं, चादरीची घडी घालताना. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं होतं, खेद व्यक्त केला होता, पोरं कमी पडली म्हणाले. नोकरी जूनमध्ये संपणार, ग्रीन कार्डाची फाइल शाळा मागे घेणार. दुसरीकडे नोकरी शोधायला वेळ नव्हता आणि त्या वर्षी फ्रेंच शिकवायला कोण ठेवून घेणार होतं. माझा आवाज चढला होता, त्यांचा नाही. त्यांनी घडी पूर्ण केली, टोपलीत ठेवली आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं, मी त्यांना ओळखते." कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना त्यांच्या वर्गातल्या पोरांची यादी माहीत होती, गळलेली नावंही माहीत होती.

जुलैत त्यांनी घरातलं सामान विकायला मूव्हिंग सेल लावला. आपल्या लोकांना मूव्हिंग सेलचा वास दोन गावांवरून येतो. सकाळी आठला सगळे हजर. जेवणाचं टेबल, दिवे, बुकशेल्फ, मिक्सर, तासाभरात घर रिकामं. टेबल समोरच्या शेजाऱ्यानं घेतलं. बाईंनी त्याच्याकडून सांगितल्यापेक्षा कमीच घेतले. त्याच्या बायकोनं काजूकतलीचा डबा दिला, मिठी मारली, कीप इन टच म्हणाली. मी भिंतीला टेकून उभी होते. गरज सरो, वैद्य मरो, हे मोठ्यानं म्हणाले मी, मराठीत. त्यानं ऐकलं आणि टेबलाचा पाय धरून जिन्याकडे वळला.

शेवटची बॅग भरायला आई आणि मी गेलो. आई हॉस्पिटलातल्यासारख्या करकरीत घड्या घालत होती. मी हातात एक स्वेटर धरून नुसतीच बडबडत होते, हे लोक असे, ते लोक तसे. आई म्हणाली, "राग येते तं येऊ दे, पण हात चालव." बाईंना ते मराठी कळलं नाही, तरी त्या हसल्या. त्या हसण्यात टेबलामागचं ते हसू नव्हतं, एवढं मी पाहिलं. आईनं त्यांचे खांदे धरले आणि इंग्रजीत म्हणाली, यू गुड टीचर. मग त्या गेल्या. पुढच्या महिन्यात आईही गेली.

आम्ही त्याच घरात राहिलो. जिन्यात शेजारी दिसला की मी मान खाली घालून जायचे, त्याला नाही, माझ्या जिभेला घाबरून. वर्ष गेलं. फ्रान्सचा विषय लोक विसरले. कँटीनमधला कागद कधी निघाला मला कळलंही नाही. आणि २००४च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. समोरच्या दारातून फोन.

"कशी आहेस?" तो म्हणाला. "अगं, एक काम होतं. पोराला स्पॅनिशमध्ये बी ग्रेड मिळालीय. तिथे निम्मी पोरं घरीच स्पॅनिश बोलणारी, आपल्या पोरांचा काय निभाव लागणार. आम्ही सगळे म्हणतोय, फ्रेंच परत सुरू करायला सांगू शाळेला. तेच स्कोअरिंग होतं यार. प्रिन्सिपल म्हणतात, पोरं आणा, पण टीचर नाही. तू बाईंच्या टचमध्ये आहेस ना? विचार ना, येतात का परत."

बैल गेला आणि झोपा केला. मी उभी होते ती खुर्चीत बसले. मग सांगितलं त्याला सगळं. बाईंची पत्रं येतात, त्या स्कॉटलंडला बहिणीच्या घरी मागच्या खोलीत राहतात. तिथल्या शाळांनी वय बघून नाही म्हटलं. झाडांच्या रोपांच्या एका दुकानात गल्ल्यावर उभ्या राहतात, थंडीत पाय सुजतात. स्वतःचं घर पुन्हा घेणं आता होणार नाही. ग्रीन कार्डाची फाइल बंद झाली, पुन्हा यायचं म्हटलं तर रांगेत शेवटी, आणि त्या वयाला कोण रांगेत उभं राहतं.

"अरेरे," तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला. "मला याची काही कल्पनाच नव्हती गं."

"होती," मी म्हटलं. "तुझ्या हॉलमध्ये बसून बाईंनी तुला सांगितलं होतं, माझाही हाच व्हिसा आहे, नोकरी गेली तर मलाही जावं लागेल. तू घरी बसून होतास तेव्हा. तुझ्या बायकोनंच मला सांगितलंय. तुला कल्पना होती, आणि ती हातात घेऊनच तू मुलाला वर्गातून काढलंस."

त्यांच्या टीव्हीचा आवाज फोनमधूनही येत होता आणि दारातूनही. मला वाटलं, आता हा रडेल, नाहीतर शिवी देईल. काहीही चाललं असतं मला. मी वाट बघत राहिले.

"बरं," तो म्हणाला, "मग स्पॅनिशसाठी कुणी चांगली ट्यूटर आहे का तुझ्या माहितीत?"